वेनिंगची साखर आणि आठवं वस्त्र

समजा, सोलोहून मावशीबाई आल्या. अडीच तास बसमध्ये अंग आंबवून घेऊन आल्या. तुमच्या हातात रेशमी बातिक ठेवलं आणि मान तिरकी करून म्हणाल्या, "आमच्याकडून एवढंसं." तुम्ही काय कराल? "नको हो, आमच्याकडे सात झालीत" असं तोंडावर सांगाल? सांगत असाल तर आमच्या गावात तुमची सोयरीक व्हायची नाही, आत्ताच सांगून ठेवते.

मी सामिनेम. जोग्या शहराच्या दक्षिणेला आमचं गाव. सातव्या महिन्यात गरोदर बाईला वस्त्रं नेसवायचं काम गावात तीस वर्षं माझ्याकडे आहे, माझ्याआधी माझ्या आईकडे होतं. मितोनी म्हणतो आम्ही त्याला. बाईला फुलांच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि मग सात वस्त्रं एकामागून एक कमरेला गुंडाळायची. पहिली सहा भारीतली. दर वस्त्राला मी विचारायचं, "शोभतंय का?" आणि जमलेल्या बायकांनी ओरडायचं, "नाही शोभत!" राणीचं वस्त्र असलं तरी नाहीच शोभत. मग सातवं, साधं, जाडंभरडं, रेघारेघांचं. ते कमरेला लागलं रे लागलं की सगळ्या एका दमात, "शोभतं!" बाळानं साधेपणानं यावं आणि साधेपणानं नांदावं, म्हणून. आमच्या बायकांना झोपेतून उठवून विचारलं तरी बरोबर ठिकाणी बरोबर ओरडतील, इतकं ते अंगात भिनलंय.

तर ही वेनिंग. कासियेमची सून. कासियेम माझी लहानपणापासूनची, चार घरं सोडून राहते. तिला एकच मुलगा, यात्नो. यात्नोची ही बायको, चोवीस वर्षांची, पहिलटकरीण. सहावा महिना संपत आला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला ग्लासभर साखरेचं पाणी पाजलं, दोन तास बाकड्यावर बसवलं, रक्त काढलं आणि सांगितलं, साखर वाढलीय. गरोदरपणातली साखर. बाळंत झाल्यावर बहुतेक जाईल. पण तोवर आवरली नाही तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

वेनिंगनं हे घरी येऊन सासूला सांगितलं. अर्ध्या तासात चाळीस घरांना माहीत झालं.

पहिला आला हर्जो, आमच्या गल्लीचा प्रमुख. निवृत्त कारकून. घरात डास झाले तरी बैठक बोलावतो आणि वहीत ठराव लिहितो. तो म्हणाला, "यंत्रावर विसंबू नका. मुंग्यांना विचारा. ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात त्याला साखर." आणि चाचणी निःपक्षपाती व्हावी म्हणून त्यानं अंगणात दोन बशा ठेवायला लावल्या. एक वेनिंगची, दुसरी तुलनेसाठी निरोगी माणसाची. निरोगी माणूस म्हणून स्वतःच पुढे झाला. सकाळभर आम्ही बारा-पंधरा जण पायऱ्यांवर बसून बघत होतो. मुंग्या आल्या. रांगेनं आल्या. वेनिंगच्या बशीला वळसा घालून हर्जोच्या बशीत उतरल्या. कुणी काही बोललं नाही. बोलणार कसं, वडीलधारा माणूस. त्याच्या बायकोनं हवामानाचा विषय काढला. हर्जोनं वहीत लिहिलं, "मुंग्यांवर बाहेरून दबाव आला असावा," आणि घरी गेला.

नर्सबाई मात्र चिकाटीची. बू प्रिहातिन तिचं नाव, बू म्हणजे बाई. तिशीची असेल, बारीक चणीची, स्कूटरवरून हिंडते. तिनं वेनिंगला सगळं लिहून दिलं. भात अर्धी वाटी. गोड शिजवलेलं तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, बंद. चहा बिनसाखरेचा. बोटाला टोचून दिवसातून चारदा साखर बघायची. आणि प्रत्येक जेवणानंतर वीस मिनिटं चालायचं.

त्या चालण्यानं घात केला. म्हणजे बघा, पोटुशी बाई रस्त्यानं चाललीय. कुणाच्याही दारावरून गेली तर दारातलं माणूस म्हणणार, "या ना, टेका जरा." टेकलं की चहा. आमचा चहा म्हणजे चमचा उभा राहील इतका गोड. कमी गोड दिला तर पाहुण्याला वाटतं, याला आपण जड झालो. आणि दिलेला चहा न पिता उठलं तर यजमानाला वाटतं, आपल्या हातचं हिला चालत नाही. वेनिंग सरळ स्वभावाची. वीस मिनिटांच्या चालण्यात चार घरं लागायची. आठवडाभर ती बिचारी नेमानं चालली आणि साखर दीडशेवरून एकशे नव्वदवर गेली.

बू प्रिहातिननं डोक्यावर हात मारून घेतला. मग यात्नो बायकोला घरातच जेवणाच्या टेबलाभोवती चालवायला लागला. ती पुढे, हा मागे मोजत. शेजारच्यांना खिडकीतून दिसायचं. त्यांना वाटलं, दोघांचं भांडण झालंय आणि ती पळतेय, हा पकडतोय. समेट घडवायला चारजण आले. चहा झाला.

पुढे जोग्याच्या मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थोडा फरक पडला, पण पुरता नाही. सकाळची उपाशीपोटीची साखर पंच्याण्णवच्या खाली हवी, ती एकशे बाराच्या खाली येईना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता इन्सुलिन. पेनासारखं यंत्र असतं, टोकाला केसाएवढी सुई. जेवणाआधी सहा युनिट. ते औषध नाळेतून बाळाकडे जात नाही, आईचीच साखर आवरतं. उद्यापासूनच सुरू करा, म्हणाले.

उद्याचे पाच दिवस झाले. पेन कासियेमच्या फ्रीजमध्ये मिरच्यांच्या मागे पडून होतं.

कारण कासियेम अडून बसली होती. "पोटात लेकरू आणि त्याच्या डोक्याशी सुई? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही." गल्लीतल्या सगळ्या तिच्या बाजूच्या. एक म्हणाली, आमच्या आजोबांना इन्सुलिन दिलं आणि महिन्यात पाय कापला. दुसरी म्हणाली, ती शेवटची पायरी असते, तिथून कुणी परत येत नाही. तिसरी म्हणाली, ताडाची साखर खा, ती तपकिरी असते, ती साखरेत धरत नाहीत. हर्जोनं बैठक बोलावली. आमच्याकडे मतदान होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसतात. तीन तास बोलले. एकमत झालं ते एवढ्यावरच की चहा छान झाला होता.

वेनिंग त्या बैठकीत कोपऱ्यात बसून होती. तिला कुणी विचारलंच नाही. निघताना माझा हात धरून म्हणाली, "म्बाह, मला कुणीतरी एकच काहीतरी सांगा हो. पोटात बाळ हललं की मला वाटतं, मीच त्याला विष पाजतेय." आजीला आम्ही म्बाह म्हणतो. पोरीचा हात गार पडला होता.

दुसऱ्या दिवशी बू प्रिहातिन माझ्याकडे आली. स्कूटर लावली, ओसरीवर बसली, आणि चक्क बिनसाखरेचा चहा मागितला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"म्बाह, परवा मितोनी आहे ना वेनिंगची?"

"आहे की."

"पहिल्या सहा वस्त्रांना 'नाही शोभत', सातव्याला 'शोभतं'. बरोबर?"

"बाई, तू मला शिकवणार का आता?"

"ऐका तर. दर वस्त्राबरोबर मी एकेक उपाय वाचते. पहिल्या सहांना हे गावातले उपद्व्याप. ताडाची साखर, मेलेल्या आजोबांच्या उरलेल्या गोळ्या, सगळं. सातव्याला इन्सुलिन, सोबत मापात जेवण आणि टेबलाभोवती चालणं. सगळ्या ओरडतील 'शोभतं'. मितोनीत एकदा ओरडलेलं या गावात कुणी मागे घेत नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिले. पोरगी लहान, पण डोकं कसलं चालवलंन! मला आधी रागच आला, विधीचा खेळ करते म्हणून. मग वेनिंगचा गार हात आठवला. म्हटलं, करू या. फक्त गोड चहाला यादीत घ्यायचं नाही, तो कासियेमच्या घरचा आहे, तिला लागेल. तेवढं प्रिहातिननं मान्य केलं.

मितोनीच्या दिवशी सकाळी दहालाच घर भरलं. बायका आत चटयांवर, पुरुष बाहेर मांडवात, हर्जो दारात वही घेऊन. न्हाणं झालं. वेनिंग ओल्या केसांनी उभी राहिली, पोट हे एवढं पुढे. मी वस्त्रांची चळत लावत होते, आणि नेमक्या त्याच वेळी सोलोच्या मावशीबाईंनी ते रेशमी बातिक माझ्या हातात ठेवलं.

आता मी काय केलं? घेतलं. चळतीत मधे, चौथं म्हणून सरकवलं. गावप्रमुखाच्या बायकोनं सोन्याच्या वर्खाचं वस्त्र पाठवलं होतं, ते साध्याच्या आधी, मानाच्या जागी ठेवायचं ठरलेलं, ते हलवता येईना. आठ झाली तर झाली, म्हटलं. बायका काय मोजत बसतात! त्या साध्या रेघांच्या वस्त्राची वाट बघतात. एवढं सगळं माझ्या लक्षात आलं. प्रिहातिनच्या कागदावर सातच उपाय आहेत, हे मात्र डोक्यातून साफ गेलं.

पहिलं वस्त्र. प्रिहातिन खणखणीत आवाजात म्हणाली, "उपाय पहिला, ताडाची साखर!" आणि खरोखरीची ढेप वेनिंगच्या पायाशी ठेवली. मी विचारलं, "शोभतंय का?"

"नाही शोभत!"

ताडाच्या साखरेवाली स्वतः सगळ्यात मोठ्यानं ओरडली. दुसऱ्याला कडू पाल्याच्या काढ्याची बाटली. नाही शोभत! तिसऱ्याला आजोबांच्या गोळ्या. त्यांची नात डोळे पुसत ओरडली, नाही शोभत! चौथ्याला, म्हणजे मावशीबाईंच्या रेशमाला, दिवसभर उपाशी राहणं. ठेवायला काही नव्हतं म्हणून प्रिहातिननं रिकामी थाळी ठेवली. पाचव्याला, बाळंत होईपर्यंत गप्प बसून राहणं. सहाव्याला, मुंग्यांची देखरेख, त्यासाठी बशी. दारातून हर्जो खाकरला, पण बायका आता रंगात आल्या होत्या. "नाही शोभत!" भिंती हलल्या. प्रिहातिन माझ्याकडे बघून गालात हसली. मीही हसले. मग मी चळतीतून पुढचं वस्त्र उचललं आणि माझ्या हाताला सोन्याचा वर्ख लागला.

सातवं. पण साधं नव्हे.

मी डोळ्यांनी खूप खुणावलं. पण ती कागदात बघत होती. "उपाय सातवा," ती छाती भरून म्हणाली, "इन्सुलिनचं इंजेक्शन, मापात जेवण आणि चालणं!" पेन फ्रीजमधून आणलेलं होतं, ते तिनं दोन्ही हातांनी बाळासारखं खाली ठेवलं.

वर्ख लावलेलं वस्त्र लखलखत होतं. चाळीस बायकांनी ते पाहिलं आणि आयुष्यभराच्या सवयीनं बेंबीच्या देठापासून ओरडल्या, "नाही शोभत!"

प्रिहातिनचा चेहरा पांढरा पडला. मी काय करणार? विधी मधे थांबवता येत नाही. मी आठवं, साधं, रेघांचं वस्त्र वेनिंगच्या कमरेला गुंडाळलं. आता उपाय कुठून आणायचा? प्रिहातिननं कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा. सगळ्या तोंड उघडून, श्वास भरून तयार बसलेल्या. आणि त्या शांततेत स्वयंपाकघराचा पडदा बाजूला करून कासियेम भलंमोठं तबक घेऊन आली आणि म्हणाली,

"घ्या हो, सगळ्यांनी गरम गरम गोड चहा घ्या!"

"शोभतं!!"

काय तो आवाज! बाहेरच्या पुरुषांनीही टाळ्या वाजवल्या. मावशीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हर्जोनं वहीत लिहिलंसुद्धा, "गरोदरपणातील साखरेवर उपाय: गोड चहा. एकमताने मंजूर."

"अहो प्रमुख, चुकलंय ते!" प्रिहातिन धावली. "रद्द करा!"

"रद्द कसं करणार, बू? मतदान असतं तर विरोधी मतं मोजली असती. एकमत आहे. विरोधात कुणीच नाही, मग रद्द करायची मागणी करणार कोण?"

मी म्हटलं, "परत नेसवते सगळी. पहिल्यापासून."

तर मावशीबाई किंचाळल्या, "दोनदा मितोनी? जुळी होतील!" लगेच चर्चा. एकजण म्हणाला, सातवा महिना संपत आलाय, आता दुसरं पोर शिरणार कुठून? दुसरा म्हणाला, धोका कशाला घ्या. कुणीतरी सुचवलं, ओरडणं वस्त्राला होतं, उपायाला नव्हतं. त्यावर हर्जो म्हणाला, मग पहिल्या सहा वस्त्रांच्या उपायांचं काय, तेही मग नाकारलेले नाहीत, म्हणजे वेनिंगला आता काढा, उपास आणि मुंग्या सगळंच करावं लागेल. हे सगळ्यांना पटलं. तेवढ्यात विधीची पुढची पायरी आली. नाकारलेल्या वस्त्रांचा ढीग करून त्यावर बाईला बसवतात, कोंबडी अंड्यांवर बसते तशी. बसवली. ढिगात ढेप, बाटली, गोळ्या, थाळी, बशी आणि पेन. त्यावर वेनिंग. तिच्या हातात चहाचा पेला. पूर्ण गल्ली तिच्याकडे कौतुकानं बघतेय, औषध घे बाळ, घे.

वेनिंगनं पेला तोंडाजवळ नेला. खाली आणला. थोडा चहा साध्या वस्त्रावर सांडला.

"आई," ती कासियेमला म्हणाली, "पिऊ का?"

कासियेम बोलायच्या आत प्रिहातिन उसळली. ती पोरगी, जी माझ्या ओसरीवर चप्पल काढतानासुद्धा परवानगी मागते, ती सगळ्या वडीलधाऱ्यांना अरेतुरेवर आली. आमच्याकडे याहून मोठी शिवीगाळ नाही.

"ऐका रे! तुम्हाला कुणाला ठाऊक आहे का, काय होतं ते? आईची साखर नाळेतून पोराला जाते. पोर फुगतं. चार किलो, पाच किलो. तुम्ही टाळ्या वाजवता, किती गुटगुटीत म्हणता. आणि एखादं शेवटच्या दिवसांत हलायचं थांबतं. आतल्या आत. दुखत नाही, रक्त जात नाही, काही नाही. नुसतं थांबतं. पाच दिवस ते पेन मिरच्यांच्या मागे ठेवलंयत तुम्ही. पाच दिवस!"

कुणाला शब्द ऐकू आले की नाही कोण जाणे, अरेतुरेनंच सगळ्यांचा श्वास अडकला होता.

कासियेमनं तबक खाली ठेवलं. "किती किलो म्हणालीस?"

"चार. कधी पाच."

"पाच किलो दोनशे," कासियेम म्हणाली.

तरुण बायकांना काही कळेना. यात्नो मांडवातून आत आला.

"तांदळाच्या काट्यावर तोललं होतं. छत्तीस वर्षं झाली. यात्नोच्या आधीचं. पहिलं." ती प्रिहातिनशीच बोलत होती, जणू खोलीत दुसरं कुणी नाही. "मला भूक कसली लागायची, तहान कसली लागायची. लोक गोड आणून द्यायचे, मी खायची. पोट बघून म्हणायचे, नक्की जुळं. मग आठ दिवस हललं नाही. मी म्हटलं, झोपलं असेल. जन्मलं तेव्हा सगळं गाव बघायला आलं. रांग लागली होती. जो तो म्हणे, केवढं सुदृढ, तीन महिन्यांचं वाटतंय. मेलेलं होतं गं ते. मेलेल्याला सुदृढ म्हणत होते, आणि मी मान हलवत होते, पाहुण्यांना काय सांगायचं म्हणून."

यात्नो भिंतीला टेकला. आपल्याआधी एक भावंड होतं हे त्याला त्या क्षणी कळलं.

"मला सांगितलं की तू कातरवेळी जुन्या विहिरीवरून गेलीस, म्हणून झालं. मी गेले होते खरी. पाणी आणायला. तेव्हापासून मी त्या वाटेनं गेले नाही. बाजारात जायचं तर शेतांवरून वळसा घालते."

हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, वळसा घालते ते. लोक समजायचे, विहिरीजवळच्या घरातल्यांशी तिचं बिनसलंय.

"बू," कासियेम प्रिहातिनला म्हणाली, आणि तिचा आवाज इतका लहान झाला की मागच्या बायका पुढे सरकल्या, "मला साखर होती का?"

"आता कसं सांगू? तपासलंच नव्हतं कुणी." प्रिहातिन पुन्हा अहोजाहोवर आली होती. "पण तुम्ही सांगताय त्यावरून असेल. बहुतेक होती."

"म्हणजे विहीर नव्हती."

"नाही हो. विहीर नव्हती."

कासियेमनं मान हलवली. एकदा, दोनदा. मग ती वेनिंगजवळ गेली, तिच्या हातातला पेला काढून हर्जोच्या हातात दिला, आणि म्हणाली, "ऊठ पोरी, जरा ऊठ." ढिगात हात घालून ढेप बाजूला केली, बाटली बाजूला केली, सोन्याच्या वर्खाचं वस्त्र फेकल्यासारखं सरकवलं आणि पेन काढलं. आपल्या पदरानं पुसलं.

"कुठं टोचायचं?" तिनं विचारलं.

"मांडीला चालेल. सुई नवी लावा. हे चाक फिरवून सहावर आणा," प्रिहातिन सांगायला लागली. "कातडी चिमटीत धरा. टोचलं की दहापर्यंत मोजायचं, मग काढायचं. आणि त्यानंतर वेनिंगला लगेच जेवायला वाढा, मापात."

"दुखेल का तिला?"

"मुंगी चावल्याइतकं," प्रिहातिन म्हणाली. हर्जोनं खाली बघितलं.

कासियेम खिडकीपाशी बसली. तिला चष्मा लागतो, तो स्वयंपाकघरात राहिला होता. ती डोळे बारीक करून त्या चाकावरचा आकडा शोधत होती. वेनिंगनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. चाळीस बायका, बाहेरचे पुरुष, सगळे त्या चाकाकडे बघत होते. आणि मला ते सहन होईना. त्या पहिल्या बाळाच्या वेळी मी अठ्ठावीसची होते, आईच्या हाताखाली शिकत होते. त्या दिवशी कासियेमच्या उशाशी मीच बसले होते. ती विचारत होती, का झालं, का झालं गं सामी, आणि काहीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून दिलं होतं.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कासियेम, ते विहिरीचं तुला मी सांगितलं होतं."

तिनं वर पाहिलं नाही. चाक फिरवलं. एक, दोन, तीन, असे टकटक आवाज आले.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "आता बाजूला हो, सामी. उजेड अडवतेयस."

मी बाजूला झाले.